सागरतळीची प्रकाशवाट आणि दातिवऱ्याचा किनारा

त्र्यंबकेश्वरच्या डोंगरात उगम पावलेली वैतरणा नदी पालघर जिल्ह्यातील दातिवरे या गावाजवळ अरबी समुद्रास मिळते. खाडीच्या दक्षिणेस अर्नाळा, उत्तरेस दातिवरे, आणि तेथून पुढे केळवे, माहीम, सातपाटी अशी मासेमारी गावांची रांग थेट तारापूरपर्यंत गेली आहे. तारापूर येथे १९६९ पासून अणुवीज निर्माण होते व शेजारच्या बोईसर येथे मोठी औद्योगिक वसाहत उभी आहे. दातिवऱ्याचे जीवन मात्र अद्यापही मुख्यतः भरती-ओहोटीच्या वेळापत्रकावर चालते. उधाणाच्या दिवसांत डोल जाळी समुद्रात जातात आणि सुगीच्या हंगामात किनाऱ्यावर बांबूच्या आडव्या काठ्यांवर बोंबील वाळत घातलेले दिसतात.

या किनाऱ्यावर आज मोबाईल दूरध्वनी घरोघरी पोहोचला आहे. मासळीचा भाव, हवामानाचा इशारा, बँकेचा व्यवहार, परदेशी नोकरी करणाऱ्या मुलाशी बोलणे ही सर्व कामे त्यावर होतात. असा संदेश आकाशातील उपग्रहाकडे जातो, अशी अनेकांची समजूत असते. वस्तुस्थिती वेगळी आहे. खंडाखंडांतील दळणवळणाचा ९५ टक्क्यांहून अधिक भाग समुद्राच्या तळाशी टाकलेल्या केबलींमधून वाहतो. अशी एकही आंतरराष्ट्रीय केबल दातिवऱ्यास किनाऱ्याला लागत नाही. ती लागते सुमारे चाळीस किलोमीटर दक्षिणेस, मुंबईतील वर्सोवा येथे. तरीही या केबलींचा आणि दातिवऱ्याच्या मच्छीमाराचा संबंध दुहेरी आहे. तो तिचा ग्राहक आहे, आणि ज्या समुद्रतळावर ती विसावते त्या तळाशी त्याचा पिढ्यान्‌पिढ्यांचा व्यवहार आहे.

स्विचचे कार्य

संदेशाच्या प्रवासातील पहिले महत्त्वाचे स्थानक म्हणजे स्विच. जुन्या काळी दूरध्वनी केंद्रात बसलेली कर्मचारी स्त्री एका ग्राहकाची तार उचलून दुसऱ्या ग्राहकाच्या खाचेत बसवीत असे. दोघांचे बोलणे संपेपर्यंत ती वाट त्यांच्यासाठीच अडकून राही. पुढे हे काम यंत्रांकडे आले. भारतात या क्षेत्रातील स्वावलंबनाची मोठी पायरी १९८४ मध्ये स्थापन झालेल्या ‘सी-डॉट’ या संस्थेने गाठली. तिने तयार केलेले १२८ जोडण्यांचे ग्रामीण स्वयंचलित केंद्र वातानुकूलनाशिवाय, धूळ व उष्णता सोसून चालू शकत असे. त्यामुळे खेडोपाडी दूरध्वनी नेणे शक्य झाले.

आजचा स्विच वेगळ्या तत्त्वावर चालतो. छायाचित्र असो, आवाज असो वा हिशेब असो, त्याची लहान लहान पुडकी केली जातात व प्रत्येक पुडक्यावर पाठविणाऱ्याचा व घेणाऱ्याचा पत्ता लिहिला जातो. स्विच हा पत्ता वाचतो, कोणते यंत्र आपल्या कोणत्या दारास जोडलेले आहे याची नोंद स्वतःच ठेवतो, आणि पुडके नेमक्या त्याच दारातून पुढे सोडतो. टपाल कार्यालयात पत्रांची वर्गवारी होते, त्यासारखेच हे काम आहे. फरक इतकाच, की ते सेकंदाला लक्षावधी वेळा होते. एका जाळ्यातून दुसऱ्या जाळ्यात जावयाचे असेल, तर पुढचा मार्ग ठरविण्याचे काम राउटर हे यंत्र करते. वाट कोणा एकासाठी अडवून ठेवावी लागत नसल्याने एकाच तारेवरून हजारो जणांची पुडकी पाठोपाठ धावू शकतात.

प्रत्येक संदेश समुद्र ओलांडतो असे मात्र नाही. सफाळ्याच्या बाजारात मासळी घेणाऱ्याने फोनवरून पैसे दिले, तर तो व्यवहार देशातच पुरा होऊ शकतो. रिझर्व्ह बँकेच्या २०१८ च्या आदेशानुसार अशा व्यवहारांची माहिती भारतातच साठवावी लागते. देशातील संदेश देशातच वळविले जावेत यासाठी २००३ मध्ये राष्ट्रीय इंटरनेट विनिमय केंद्राची स्थापना झाली. याउलट दुबईतील मुलाशी झालेले संभाषण, युरोपातील खरेदीदाराशी झालेला कोळंबीच्या निर्यातीचा पत्रव्यवहार, किंवा बोईसरच्या कारखान्याने परदेशातील संगणकावर ठेवलेली माहिती यांना समुद्र ओलांडावाच लागतो.

काचेच्या तंतूतील प्रकाश

हा प्रवास घडतो तो केसाएवढ्या काचेच्या तंतूतून. तंतूचा गाभा सुमारे ९ मायक्रोमीटर, म्हणजे एका मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहूनही किंचित बारीक असतो. त्याभोवती वेगळ्या गुणधर्माच्या काचेचे आवरण असते. गाभ्यातून तिरपा निघालेला प्रकाश या आवरणाच्या सीमेवर आपटला की बाहेर न पडता पुन्हा आतच वळतो. यास पूर्ण आंतरिक परावर्तन म्हणतात. यामुळे तंतू वळला तरी प्रकाश त्याच्या आतच राहून पुढे जातो. प्रकाशाची उघडझाप म्हणजेच संदेशाची लिपी होय.

पंजाबातील मोगा येथे जन्मलेले नरिंदरसिंग कपानी यांनी १९५४ मध्ये हॉपकिन्स यांच्यासमवेत काचतंतूंच्या जुडीतून प्रतिमा नेता येते, हे प्रसिद्ध केले. परंतु त्या काळच्या काचेत अशुद्धता इतकी होती, की प्रकाश थोड्याच अंतरात शोषला जाई. दोष तंतूच्या कल्पनेत नसून काचेतील अशुद्धतेत आहे, हे चार्ल्स काव यांनी १९६६ मध्ये दाखवून दिले. त्यांना २००९ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. आजच्या उत्तम तंतूतून १५ किलोमीटर गेल्यावरही सुमारे निम्मा प्रकाश शिल्लक राहतो. शंभर किलोमीटरनंतर मात्र तो सुमारे एक शतांशच उरतो. म्हणून सागरी केबलीत साधारणतः दर ६० ते १०० किलोमीटरवर प्रकाशाचे बळ वाढविणारे प्रवर्धक बसविलेले असतात.

उपग्रहाऐवजी केबल का, याचे उत्तर साध्या गणितातही मिळते. काचेत प्रकाशाचा वेग सेकंदाला सुमारे दोन लक्ष किलोमीटर असतो. दहा हजार किलोमीटरच्या केबलीतून संदेश जाण्यास एक सेकंदाचा विसावा भाग लागतो. पृथ्वीच्या फिरण्याबरोबर फिरणारा भूस्थिर उपग्रह ३६ हजार किलोमीटर उंचीवर असतो. तेथपर्यंत जाऊन परत येण्यास संदेशाला सुमारे पाव सेकंद लागतो. शिवाय एका केबलीतील थोड्याशा तंतूंतून जेवढी माहिती वाहते, तेवढी वाहून नेणे उपग्रहास परवडत नाही. वादळात केबल तुटली, किंवा भर समुद्रातील नौकेशी संपर्क साधावयाचा झाला, तर उपग्रहाचे महत्त्व निर्विवाद आहे. दोन्ही साधने परस्परांस पूरक आहेत.

मुंबई किनाऱ्याची परंपरा

मुंबईचा सागरी केबलीशी संबंध दीडशे वर्षांहून अधिक जुना आहे. फेब्रुवारी १८७० मध्ये ‘ग्रेट ईस्टर्न’ या प्रचंड जहाजाने मुंबईहून एडनच्या दिशेने तारयंत्राची केबल टाकण्यास आरंभ केला आणि त्याच वर्षी मुंबई समुद्रमार्गे इंग्लंडशी जोडली गेली. तांब्याच्या तारेभोवती मलायाकडील झाडांच्या चिकापासून केलेले गटापर्चा हे वेष्टण असे. जे वृत्त जहाजाने आठवड्यांनी पोहोचत असे, ते काही तासांत पोहोचू लागले. कापसाच्या बाजारावर व राज्यकारभारावर त्याचा दूरगामी परिणाम झाला.

पुढे १९२७ मध्ये खडकी व दौंड येथील केंद्रांमार्फत इंग्लंडशी बिनतारी संपर्क सुरू झाला. १९७१ मध्ये पुणे जिल्ह्यातील आर्वी येथे उपग्रह भूकेंद्र उभे राहिले आणि १९७६ मध्ये मुंबई-लंडन थेट दूरध्वनी फिरविता येऊ लागला. प्रकाशतंतूच्या युगात मुंबई १९९४ मध्ये ‘सी-मी-वी २’ या केबलीने आली. नंतर १९९७ मध्ये ‘फ्लॅग’, २००५ मध्ये ‘सी-मी-वी ४’ व २०१० च्या सुमारास ‘आय-मी-वी’ या केबली आल्या. ‘सी-मी-वी ६’ ही नवी केबल २०२४ च्या अखेरीस मुंबई व चेन्नई येथे किनाऱ्यास लावण्यात आली. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने २०२३ मध्ये दिलेल्या माहितीनुसार भारतात १७ आंतरराष्ट्रीय केबली १४ केंद्रांवर उतरत होत्या, आणि ही केंद्रे मुंबई, चेन्नई, कोची, तुतिकोरिन व तिरुवनंतपुरम या पाचच शहरांत होती.

केबलीची घडण

खोल समुद्रातील केबल अवघी दोन सेंटिमीटर जाडीची असते. तिच्या मध्यभागी तंतू, त्यांभोवती पोलादी तारा, त्यावर तांब्याचे वेष्टण व सर्वांत बाहेर प्लॅस्टिकचे कवच असते. तांब्याच्या वेष्टणातून किनाऱ्यावरील केंद्रे हजारो व्होल्ट दाबाची वीज सोडतात. त्या विजेवर तळाशी असलेले प्रवर्धक चालतात. केबलीचे आयुष्य साधारणतः पंचवीस वर्षांचे गृहीत धरतात.

किनारा जवळ येऊ लागला की केबलीवर जाड पोलादी तारांचे चिलखत चढविले जाते आणि शक्य तेथे जहाजामागून ओढलेल्या नांगरटीच्या साधनाने तिला तळात एक ते दोन मीटर खोल गाडले जाते. याचे कारण उघड आहे. खोल समुद्रात तिला त्रास देणारे फारसे कोणी नसते. धोका असतो तो उथळ पाण्यात, जेथे माणसाचा वावर असतो. आंतरराष्ट्रीय केबल संरक्षण समितीच्या माहितीनुसार जगात दरवर्षी सुमारे १५० ते २०० बिघाड होतात आणि त्यांपैकी ७० ते ८० टक्के मासेमारी व जहाजांचे नांगर यांमुळे होतात. यांत हेतुपुरस्सर केलेले नुकसान थोडे. बहुतेक बिघाड अजाणतेपणी घडतात.

एक केबल तुटली म्हणजे देश एकाकी पडतो असे नाही, कारण स्विच व राउटर पुडक्यांना दुसऱ्या वाटेने वळवितात. परंतु अनेक वाटा एकाच अरुंद जागेतून जात असतील, तर हा उपाय लंगडा पडतो. ३० जानेवारी २००८ रोजी इजिप्तमधील अलेक्झांड्रियाजवळ दोन केबली तुटल्या आणि भारताची पश्चिमेकडील क्षमता मोठ्या प्रमाणावर घटली. फेब्रुवारी २०२४ मध्ये तांबड्या समुद्रात एका जखमी जहाजाचा नांगर फरफटत गेल्याने अनेक केबली तुटल्या, असे मानले जाते. सप्टेंबर २०२५ मध्ये जेद्दाहजवळ पुन्हा बिघाड झाला व भारतासह अनेक देशांतील सेवा मंदावली. मुंबईच्या बहुसंख्य केबली वर्सोव्याच्या लहानशा पट्ट्यात उतरतात. तांबड्या समुद्रातील या घटना मुंबईच्या किनाऱ्यालाही धडा देतात.

डोल, नांगर आणि केबल

दातिवऱ्याच्या मासेमारीचे स्वरूप पाहिल्यास या प्रश्नाची दुसरी बाजू ध्यानात येते. डोल हे पिशवीसारखे जाळे प्रवाहाच्या तोंडाशी स्थिर ठेवले जाते. बोंबील, मांदेली, करंदी, जवळा ही मासळी भरती-ओहोटीच्या ओघाबरोबर त्यात येते. जाळे स्थिर ठेवण्यासाठी समुद्रतळात खुंट रोवावे लागतात. यास ‘कव मारणे’ म्हणतात. कवींच्या जागा ठरलेल्या असतात, आणि त्यांच्या हद्दीवरून किनाऱ्यावरील गावागावांत वादही झाले आहेत. म्हणजेच तळाचा कोणता भाग कोणाचा, हा या किनाऱ्यावर जुना व जिव्हाळ्याचा प्रश्न आहे. ट्रॉल जाळे तळावरून ओढले जाते, तर दालदी पाण्यात तरंगती असते. या सर्वांच्या तुलनेत तळात खोल जाणारा खुंट, तळ खरवडणारे ट्रॉल व नांगर हेच केबलीस अधिक धोकादायक.

केबलीत अडकलेला नांगर वा जाळे सोडवू पाहणाऱ्या तांडेलासमोर कठीण प्रसंग असतो. बळ लावून ओढावे तर केबल तुटण्याचा, आणि केबलीत उच्च दाबाची वीज असल्याने अपघाताचाही धोका. लहान होडीचा तोल जाऊन ती उलटण्याचे भय वेगळेच. जाळे कापून सोडून द्यावे तर हंगामाची कमाई व कर्जाऊ घेतलेले साधन समुद्रार्पण होते. अशा वेळी जाळे वा नांगर सोडून देणे हाच एकमेव सुरक्षित मार्ग असतो. मग नुकसान कोणी सोसावयाचे, हा प्रश्न उरतो.

या प्रश्नाचा विचार फार पूर्वी झालेला आहे. १८८४ च्या पॅरिस येथील सागरी तारयंत्र केबल संरक्षण करारात आणि नंतर १९८२ च्या संयुक्त राष्ट्रांच्या सागरी कायदा कराराच्या ११५ व्या कलमात एक न्याय्य तत्त्व नमूद आहे. आधी योग्य ती काळजी घेऊनही केबल वाचविण्यासाठी ज्याने आपला नांगर, जाळे वा अन्य साधन सोडून दिले, त्यास केबलीच्या मालकाने भरपाई द्यावी, असे हे तत्त्व आहे. भारताने १९८२ च्या करारास १९९५ मध्ये अनुसमर्थन दिले. अर्थात त्यासाठी प्रत्येक राष्ट्राने आपल्या कायद्यात तशी तरतूद करावयाची असते. तत्त्व मान्य असणे आणि मच्छीमाराच्या हाती भरपाई पडणे यांत बरेच अंतर असू शकते. ते अंतर कमी करावयाचे तर पुरावा लागतो. १८८४ च्या करारानेही बंदरात पोहोचताच चोवीस तासांच्या आत अधिकाऱ्यांकडे निवेदन देण्याची अट घातली होती. आजच्या तांडेलानेही ठिकाणाचे अक्षांश-रेखांश, दिनांक व वेळ, सोबतच्या खलाशांची साक्ष आणि शक्य तर छायाचित्र यांची नोंद ठेवावी. बंदरात येताच मत्स्यव्यवसाय विभागाच्या अधिकाऱ्यास व आपल्या मच्छीमार सहकारी संस्थेस ती द्यावी. हीच नोंद पुढे भरपाईचा आधार ठरू शकते.

यापेक्षाही उपयुक्त गोष्ट म्हणजे आधीची माहिती. सागरी नकाशांवर केबलींचे मार्ग दाखविलेले असतात. हे मार्ग यांत्रिक नौकेवरील उपग्रहाधारित दिशादर्शक यंत्रात भरता येतात. परंतु नकाशा कार्यालयाच्या कपाटात राहिला, तर त्याचा कोणास उपयोग नाही. नव्या केबलीचा मार्ग ठरविताना त्या समुद्रात कवी कोठे आहेत, कोणत्या महिन्यांत कोणती जाळी लागतात, याची चौकशी किनाऱ्यावरील संस्थांकडे झाली, तर केबलीसही सुरक्षित वाट मिळेल व मच्छीमारासही आपली जागा सोडावी लागणार नाही. तळाची जी माहिती सर्वेक्षण जहाज महिनाभर फिरून गोळा करते, तीतील बराच भाग अनुभवी तांडेलास मुखोद्गत असतो.

दुरुस्ती आणि पुढील वाट

केबल तुटल्यास किनाऱ्यावरून प्रकाशाची एक झोत सोडतात व ती परत येण्यास लागलेल्या वेळावरून तुटीचे अंतर काढतात. मग दुरुस्ती जहाज तेथे जाऊन आकडीने केबलीची टोके वर उचलते, नवा तुकडा जोडते व ती पुन्हा तळाशी सोडते. जहाज दूरच्या बंदरात असले व परवान्यास वेळ लागला, तर हे काम आठवडेच्या आठवडे लांबते. पावसाळ्यात पश्चिम किनाऱ्यावर ते अधिकच कठीण होते. म्हणून भारतीय ध्वजाखालील दुरुस्ती जहाजांची व्यवहार्यता तपासावी, असे दूरसंचार नियामक प्राधिकरणाने २०२३ च्या शिफारशींत सुचविले.

समुद्राकडील टोकाइतकेच गावाकडील टोकही महत्त्वाचे आहे. ग्रामपंचायतींपर्यंत प्रकाशतंतू नेण्याचा कार्यक्रम केंद्र शासनाने २०११ मध्ये मंजूर केला. पुढे तो भारतनेट या नावाने, आणि महाराष्ट्रात महानेट या नावाने, राबविण्यात येऊ लागला. २०२३ मध्ये मंजूर झालेल्या सुधारित कार्यक्रमात तंतूची मांडणी कड्यासारखी करण्यावर भर आहे. कडे एका बाजूस तुटले तरी दुसऱ्या बाजूने संदेश पोहोचतो. रस्त्याच्या खोदकामात तंतू तुटणे, वीज गेल्याने स्विच बंद पडणे, पेटीत पाणी शिरणे हे गावपातळीवरील नेहमीचे अडथळे आहेत. वर्सोव्याची केबल कितीही भक्कम असली, तरी ग्रामपंचायतीतील स्विच बंद असेल तर वादळाचा इशारा दातिवऱ्याच्या होडीपर्यंत वेळेवर पोहोचणार नाही.

पालघरचा समुद्रही आता बदलत आहे. डहाणूजवळील वाढवण बंदरास केंद्रीय मंत्रिमंडळाने जून २०२४ मध्ये मान्यता दिली व ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघर येथे त्याची पायाभरणी झाली. मच्छीमारांनी आपल्या मासेमारी क्षेत्राविषयीची चिंता यानिमित्ताने सातत्याने मांडली आहे. मोठी जहाजे या भागात नांगर टाकू लागतील, तसा समुद्रतळावरील ताण वाढेल. वर्सोव्यावरील दाटी कमी करण्यासाठी भविष्यात नव्या जागांचा शोध घ्यावा लागला, तर जहाजमार्ग, नांगरतळ, केबलमार्ग व कवी यांचा एकत्रित नकाशा आरंभीच तयार करणे शहाणपणाचे ठरेल. त्या नकाशात मच्छीमाराची जागा नंतर भरावयाच्या रिकाम्या कोपऱ्यात असता कामा नये.

जगाचे दळणवळण वाहणारी ही प्रकाशवाट बोटाएवढ्या जाडीची आहे आणि तिचे रक्षण शेवटी पोलादापेक्षा माणसांच्या परस्पर माहितीवर अवलंबून आहे. केबल कोठे आहे हे तांडेलास ठाऊक असावे, कव कोठे आहे हे केबल टाकणाऱ्यास ठाऊक असावे, आणि केबल वाचविण्यासाठी कापलेल्या जाळ्याचे मोल जाळेधारकास मिळावे. या तीन गोष्टी साधल्या, तर एकाच समुद्रतळावर जाळे आणि केबल ही दोन्ही सुखाने नांदू शकतील.